काळ-काम: लसावि कुठे पुरतो आणि समीकरण कुठे मांडावंच लागतं?

पाटी_पेन्सिल
काळ-कामाच्या साध्या गणितांत दिवसांचा लसावि काढला, एका दिवसाचं काम ठरवलं की उत्तर मिळतं. पण पुढच्या दोन प्रकारांत गाडी अडते.

(१) अ एक काम १२ दिवसांत करतो, ब १८ दिवसांत. दोघे मिळून सुरुवात करतात, पण काम संपायच्या ३ दिवस आधी अ सोडून जातो. एकूण किती दिवस लागले? पर्यायांत ९ आणि १६½ दोन्ही दिले आहेत.

(२) एका कामाला ब ला अ पेक्षा ६ तास जास्त लागतात. दोघे मिळून ते ४ तासांत संपवतात. अ ला एकट्याला किती तास?

दुसऱ्यात वेळच माहीत नाही, मग लसावि कशाचा काढायचा? आणि वर्गसमीकरण टाळता येईल का? एका गणिताला जेमतेम मिनिटभर मिळतो.

अपूर्णांक
आधी पहिलं. १२ आणि १८ चा लसावि ३६, म्हणून एकूण काम ३६ भाग. अ रोज ३ भाग करतो, ब रोज २. एकूण दिवस क्ष धरले तर ब पूर्ण क्ष दिवस कामावर आहे आणि अ फक्त (क्ष − ३) दिवस.

३(क्ष − ३) + २क्ष = ३६
५क्ष = ४५, क्ष = ९

ताळा करा: अ चे ६ दिवस म्हणजे १८ भाग, ब चे ९ दिवस म्हणजे १८ भाग. बेरीज ३६.

क्ष न घेताही जमतं. शेवटचे ३ दिवस ब एकटा होता, म्हणजे ६ भाग त्याचे. उरलेले ३० भाग दोघांनी रोज ५ प्रमाणे ६ दिवसांत केले. ६ + ३ = ९.

१६½ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो. ‘३ दिवस आधी’ च्या जागी ‘३ दिवसांनी’ वाचलं तर दोघांचे ३ दिवसांत १५ भाग होतात, उरलेल्या २१ भागांना ब ला १०½ दिवस लागतात आणि उत्तर १३½ येतं. त्यातही ब चे पहिले ३ दिवस मोजायचे राहिले, म्हणजे ३६ मधून अ चेच ९ भाग वजा केले, की २७ ला २ ने भागून १३½ आणि त्यात ३ मिळवून १६½. म्हणून आकडेमोडीआधी प्रत्येकाच्या नावापुढे तो खरोखर किती दिवस कामावर होता ते लिहा. या प्रकारातली बहुतेक चुकीची उत्तरं तिथेच जन्माला येतात.

वर्गमूळ
दुसऱ्यात लसावि चालत नाही हे बरोबर, तिथे एका तासाचं काम अपूर्णांकातच मांडायचं:

१/क्ष + १/(क्ष + ६) = १/४

दोन्ही बाजूंना ४क्ष(क्ष + ६) ने गुणलं की क्ष² − २क्ष − २४ = ०, म्हणजे (क्ष − ६)(क्ष + ४) = ०. वेळ ऋण नसतो, म्हणून ६ तास.

वर्गसमीकरण टाळायचं असेल तर हे नातं वापरा: दोघांना मिळून लागणारा वेळ ट, अ ला एकट्याला त्याहून प ने जास्त, ब ला फ ने जास्त, तर ट² = प × फ. (१/(ट + प) + १/(ट + फ) = १/ट सोडवलं की हेच उरतं.) इथे ट² = १६, आणि प व फ मधला फरक ६. गुणाकार १६ आणि फरक ६ असलेली जोडी २ आणि ८. म्हणून अ ला ४ + २ = ६ तास, ब ला १२.

एक सावधगिरी: प आणि फ हे दोघांच्या एकत्रित वेळेपेक्षा जास्तीचे तास आहेत. गणितातला ६ हा अ आणि ब मधला फरक आहे. तो थेट प म्हणून टाकला की सगळं बिघडतं.

सोडवून_पाहा
पर्याय समोर असतील तर आधी चाळणी लावा. दोघे मिळून ४ तास लागत असतील तर जास्त वेगवान माणसाला ४ पेक्षा जास्त आणि ८ पेक्षा कमी तास लागणार, संथ माणसाला ८ पेक्षा जास्त. बऱ्याचदा एक-दोनच पर्याय उरतात.

पाटी_पेन्सिल
चाळणी फारच उपयोगी आहे. पहिल्याच गणितातले अ आणि ब एक दिवसाआड पाळीपाळीनं काम करत असतील तर ३६ ला सरासरी २½ ने भागायचं का?

अपूर्णांक
नाही, १४.४ येईल आणि ते चुकीचं आहे. दोन दिवसांची एक फेरी ५ भागांची. ७ फेऱ्या म्हणजे १४ दिवस, ३५ भाग. उरला १ भाग. सुरुवात अ ने केली असेल तर पंधराव्या दिवशी पाळी त्याची, १ ÷ ३, एकूण १४⅓ दिवस. ब ने केली असेल तर १ ÷ २, एकूण १४½.