लेणी, द्राक्षबागा आणि डोंगर, एका दिवसात: तुमचे अनुभव लिहा

सिंहगडरोडकर
डिसेंबरात आतेबहीण आणि तिचा नवरा कॅनडाहून येताहेत. मागे ते दोघं आर्मेनियाला जाऊन आले. येरेवानहून सकाळी खाजगी गाडी, दोन जुने मठ, मध्ये वाईनरी, चहूकडे डोंगर, रात्री परत मुक्कामी. तेव्हापासून तिचं पालुपद सुरू आहे, "पुण्याजवळ असं काही असेल तर ने की." मी बोलून बसलो की मठ म्हणशील तर आमचे विहार तुमच्या मठांहून जुने, वाईन आहे, आणि सह्याद्री तर दारातच. आता निभवायला हवं.

बरोबर आई असेल. वय ७४, गुडघे कुरकुरतात, पण "मी घरी बसते" हे वाक्य तिच्या तोंडून निघणार नाही. गाडी ड्रायव्हरसकट सांगणार आहे. ज्यांनी असा दिवस केलाय त्यांनी लिहा. कुठून सुरुवात केली, काय गाळलं, कुठं वेळ गेला. नेटवरच्या याद्या माझ्याकडे ढीगभर आहेत, तुमचं काय झालं ते हवंय.

लेणीवेडी
मावळात जाणार असाल तर कार्ल्यानं सुरुवात करू नका. सगळे तेच करतात, कारण नाव मोठं आणि रस्ता सरळ. पण बेडसे पूर्वाभिमुख आहे. कार्ले आणि भाजे पश्चिमेकडे तोंड करून. म्हणजे सकाळचं ऊन बेडशाचं, दुपारचं बाकी दोघांचं. उलट फिरलात तर तिन्ही ठिकाणी काळोखात मोबाईलचा टॉर्च मारत बसाल.

आम्ही कोथरूडहून सहाला निघालो, कामशेतला चहा घेतला आणि ऊन कोवळं असतानाच बेडशाच्या पायथ्याला पोचलो. पायऱ्या चारशेच्या घरात. वर चिटपाखरू नव्हतं. चैत्यगृहासमोरचा (म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनासमोरचा) खडक कोरणाऱ्यांनी मुद्दाम तसाच ठेवलाय, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. त्या चिंचोळ्या फटीतून आत शिरलं की एकदम मान वर जाते. भलेमोठे खांब, माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती, घोडे, बैल, आणि त्यांच्या पाठीवर जोडपी. बायकांच्या पायातली जाड कडीसुद्धा खालून दिसतात. आमचा ड्रायव्हर "मी गाडीतच थांबतो" म्हणत होता, त्याला ओढून वर नेला. मग तोच तिथून हलेना. शेजारचा विहार चुकवू नका. विहार साधारणपणे चौकोनी असतात. हा मागच्या बाजूला अर्धगोल आणि वर कमानदार छताचा आहे, भोवती भिक्खूंच्या खोल्या.

भाज्याला तीननंतर गेलो. इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं चैत्यगृह, पुढची भिंत नसल्यानं कमानीतून ऊन थेट स्तूपावर येतं. छताला लाकडी फासळ्या अजून आहेत. पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे, आणि अगदी टोकाच्या विहारातल्या एका शिल्पात एक बाई तबल्याच्या जोडीसारखं वाद्य वाजवतेय, दुसरी नाचतेय. तिथं आम्ही अर्धा तास बसलो. कार्ले गाळलं आणि काही बिघडलं नाही. वाईनचा नादच केला नाही.

सदाशिवपेठी
भाजे आणि कार्ल्याला खाजगी गाडी कशाला? पुणे–लोणावळा लोकल, मळवली स्टेशन, पुढे पाय. वाचलेल्या पैशांत वाईन घरी आणा.

बागायतदार जुन्नरकर
रामराम. माझी बाग नारायणगावाजवळ. डिसेंबरात येणार असाल तर आधीच सांगतो, द्राक्षं खायला मिळायची नाहीत. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, आणि माल सुटतो जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत. डिसेंबरात घड असतात, पण हिरवे, आंबट, आणि आम्ही भुरी-डाऊनी या रोगांच्या धास्तीनं फवारणीत. मागं एक गाडी आली, पाहुण्यांनी मांडवात शिरून घड तोडला आणि न धुता तोंडात टाकला. औषध आदल्याच दिवशी मारलेलं. आधी विचारा, मग हात लावा. आमच्याकडं जास्त करून खायची द्राक्षं, काळी जंबो त्यात नामांकित. वाईनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची, ती खाऊन तुम्हाला मजा येणार नाही.

वाईनचं नाव मात्र आमच्या गावानं आधी काढलं. ऐंशीच्या दशकात इथं इंडाज होती, फेसाळ वाईन करायची, 'ओमर खय्याम' नावानं परदेशात जायची. पुढं बंद पडली. जुनी माणसं अजून तिथल्या द्राक्षांच्या ट्रॉल्यांच्या गोष्टी सांगतात.

आता लेण्यांचं. सगळे लेण्याद्रीला जातात आणि गणपतीचं दर्शन घेऊन उतरतात. गिरिजात्मज ज्या दालनात आहे तो मुळात बौद्ध विहार, भोवतीच्या खोल्या बघा, मध्ये एक खांब नाही. शेजारच्याच लेण्यात चैत्य आहे, तिकडं कुणी वळत नाही. पायऱ्या तीनशेच्या आसपास, पण डोली मिळते, म्हणून आईंना न्यायला हरकत नाही. आणि तुळजा लेणी सोडू नका. तिथलं चैत्यगृह गोल आहे, बारा खांब आणि मध्ये स्तूप. वेळ उरला तर नाणेघाट, पण तिथून उजेडातच परत फिरा. उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत, रस्त्यात लघवीला उतरणं वगैरे प्रकार नकोत. आग्यामोहोळाचंही ध्यानात ठेवा: अत्तर मारून लेण्यांत येऊ नका.

हडपसरची
आमचा दिवस सोलापूर रस्त्याचा. सकाळी यवतजवळ भुलेश्वर, मग पाटस ओलांडून रोटी गावाजवळची फोर सीझन्स वाईनरी. विहार नाहीत या बाजूला, पण भुलेश्वरचं यादवकालीन कोरीवकाम पाहिलं की तक्रार राहत नाही. बाहेरून देऊळ वाटतच नाही, आत काळ्या दगडात बायका, हत्ती, युद्धं, आणि एक स्त्रीरूपातला गणपती. सासूबाईंनी तो शोधून काढला, मला दिसलाच नव्हता.

वाईनरी टेकडीवर आहे, खाली द्राक्षांच्या ओळी. आत स्टीलच्या टाक्यांच्या खोलीत शिरलो आणि अंगावर शहारा आला, इतकं गार. माहिती देणाऱ्या मुलानं छान समजावलं: पांढऱ्या वाईनला रस आधी गाळून घेतात, लाल मात्र सालीबियांसकट आंबवतात, म्हणून तिला रंगही येतो आणि तुरटपणाही. मग चाखायला बसलो. सासूबाई घेणार नाहीत असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं. त्यांनी ग्लास उचलला, शिराजचा घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "कोकमाच्या आगळात साखर घालायची राहिली की गं." पांढरी शेनिन ब्लां मात्र संपवली. एक तांब्यासारखं भांडं समोर होतं, घोट चाखून त्यात थुंकायचं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. अन्न थुंकायचं?

लेकाला काही मिळालं नाही, कारण वाईनला २१ वर्षं पूर्ण लागतात आणि तो १९ चा. परतीच्या वाटेवर तो तोंड फुगवून बसला. मुलं नेणार असाल तर हे घरीच सांगून ठेवा. आणि रोटी आणि कार्ले एकाच दिवशी असा बेत कुणी सुचवला तर त्याला नकाशा दाखवा. एक पुण्याच्या पूर्वेला, एक वायव्येला. मधलं पुणे ओलांडण्यातच दुपार जाईल.

पिंपरीकर
आम्ही हौसेनं २६ जानेवारीला गेलो. ड्राय डे. बाग बघितली, टाक्या बघितल्या, द्राक्षाचा रस प्यायलो, घरी आलो. निवडणुकीचं मतदान आणि मतमोजणीही बघून घ्या.

धम्मवाट
वर सगळं चांगलं लिहिलंय. माझं थोडं वेगळं. आमच्यासाठी ही लेणी म्हणजे सहलीचा पहिला थांबा नाही, ती वंदनेची जागा आहे. स्तूपाला टेकून फोटो काढणारे, चैत्यात शिरून "आवाज कसा घुमतो बघ" म्हणत ओरडणारे प्रत्येक वेळी भेटतात. आवाज घुमतो खरा. एकदा बेडशाला आम्ही काहीजणांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, तेव्हा समजलं तो कशासाठी घुमतो.

पंचशीलातलं पाचवं शील मद्य वर्ज्य करण्याचं आहे. तुम्ही वाईनरीला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण क्रम ठेवा. आधी लेणी, मग वाईन. चाखून आलेली मंडळी विहारात नकोत. आणि मुंबई रस्त्यानं जाताय तर देहूरोडचा बुद्धविहार वाटेतच आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला तिथं बुद्धमूर्तीची स्थापना केली, मूर्ती रंगूनहून आलेली. दोन हजार वर्षांपूर्वीचा विहार आणि हा विहार एकाच सकाळी बघितलेत तर पाहुण्यांना सांगायला काहीतरी असेल.

औंधचा मामा
माझी भाची येरेवानला एमबीबीएसला आहे, तिच्या निमित्तानं तुमच्या पाहुण्यांचा तो आर्मेनियाचा दिवस आम्हीही केलाय. म्हणून लिहितो, कारण तुलना होणारच.

पहिला थांबा खोर विराप. ग्रेगरी नावाच्या संताला तिथल्या खड्ड्यात तेरा वर्षं डांबलं होतं असं सांगतात. पुढे त्याच्यामुळेच राजा ख्रिस्ती झाला आणि इ.स. ३०१ मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म ठरला. त्या खड्ड्यात लोखंडी शिडीनं उतरता येतं. मी उतरलो, बायको वरूनच "पुरे" म्हणाली. बाहेर समोर अरारात पर्वत, ५१३७ मीटर, बर्फानं पांढरा. आर्मेनियन माणसाचा जीव की प्राण, पण उभा तुर्कस्तानात, आणि सीमा बंद. आमचा ड्रायव्हर त्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. त्याला रशियन येत होतं, आम्हाला नाही, भाचीनंही भाषांतर केलं नाही.

पुढे अरेनी. तिथल्या गुहेत सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची वाईन करायची जागा सापडली आहे, द्राक्षं तुडवायचं कुंड आणि मातीचे रांजण. रस्त्याच्या कडेला बायका कोलाच्या बाटल्यांत घरची वाईन भरून विकतात. डाळिंबाची घेतली, गोड होती. शेवटी नोरावांक, तांबड्या कड्यांच्या घळीत. तिथल्या एका चर्चच्या दर्शनी भिंतीतून अरुंद दगडी पायऱ्या बाहेर काढल्यात, कठडा नाही, वरच्या मजल्यावर जायचं ते त्यावरून. उतरताना मी बसून उतरलो.

तिथं दिवस जमतो कारण सगळं एकाच रस्त्यावर आहे. मठ, बाग, डोंगर, परत मठ. आपल्याकडे तसं नाही. म्हणून पाहुण्यांना आधीच सांगा की इथं एकतर लेणी आणि डोंगर, नाहीतर देऊळ आणि वाईन. नाशिकला मात्र सगळं जवळजवळ आहे.

संगमनेर बायपास
नाशिक एका दिवसात? पुण्याहून २१० किलोमीटर, खेड, नारायणगाव, संगमनेर, जाऊन येऊन आठ-नऊ तास गाडीत. पांडवलेणी म्हणजे त्रिरश्मीची २४ लेणी, तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख. ते घाईत बघायचं असेल तर नका बघू. रात्रीचा मुक्काम ठेवा, वाईनरी संध्याकाळी.

आगरकोळीण
"कार्ले गाळलं आणि काही बिघडलं नाही" हे वाचून राहवलं नाही. अहो, भारतातलं सगळ्यांत मोठं चैत्यगृह ते! आत सागवानी फासळ्याच काय, स्तूपावरची लाकडी छत्रीसुद्धा मूळची आहे. ओसरीत लेख आहे वैजयंतीच्या, म्हणजे बनवासीच्या भूतपाल श्रेष्ठीचा, जंबुद्वीपात यासारखं दुसरं नाही असा. माणूस थापा मारत नव्हता.

आणि दाराशी आई एकवीरा, आमची कुलदेवता. लेणी बघायला येणारे आमच्या पालख्यांना, कोंबड्यांना, बँडला नाक मुरडतात. मला तर आवडतं, एका बाजूला स्तूप शांत, दुसऱ्या बाजूला आमच्या बायका नाचताहेत. गर्दी नको असेल तर रविवार, मंगळवार आणि चैत्र टाळा. एवढं सोपं आहे.

चाकं आणि घाट
मी या लाईनीत आहे, गाडी माझी स्वतःची. थोडं आमच्या बाजूनं लिहितो.

बाहेरगावचं भाडं दिवसाला ३०० किलोमीटर धरून असतं. बेडसे-भाजे करून आलात तरी तेवढेच पैसे. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. हे आधी लिहून घ्या, रात्री दारात भांडण नको. दिवसातली शेवटची जागा कुठली ते सकाळीच सांगा. "वाटेत ते पण बघू" हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत महाग वाक्य आहे. कार्ल्याला गाडी बरीच वर जाते, म्हाताऱ्या माणसांच्या पायऱ्या वाचतात. पण गर्दीच्या दिवशी पोलीस खालीच अडवतात. नाताळ ते ३१ डिसेंबर लोणावळ्याचं नाव काढू नका.

वाईनच्या बाटल्या घेतल्यात तर बंद गाडीत उन्हात ठेवून जेवायला जाऊ नका. एका पार्टीच्या सहा बाटल्या डिकीत तापल्या, दोनची बुचं वर आली, गालिच्याला अजून वास येतो. आणि जेवायला थांबलात की ड्रायव्हरला वेगळ्या टेबलावर का होईना, पण त्याच वेळी जेवायला सांगा. उपाशी माणसानं घाट उतरवावा अशी तुमचीही इच्छा नसेल.

सिंहगडरोडकर
आईला सगळं वाचून दाखवलं. तिनं निकाल दिला: देहूरोड, मग बेडसे (ती खाली गावात बसेल, चारशे पायऱ्या नको), दुपारी कार्ले, गाडी वरपर्यंत नेऊन. भाजे गाळायचं. लेणीवेडी, माफ करा, आईपुढं माझं चालत नाही. रोटी आणि भुलेश्वर वेगळ्या दिवशी. जुन्नर फेब्रुवारीत, पाहुणे नसले तरी.

चाकं आणि घाट, १८ डिसेंबर मोकळी आहे का?

चाकं आणि घाट
१८ ला लग्नाचं भाडं घेतलंय. १९ चालेल? साडेपाचला निघावं लागेल पण.