मदत हवी आहे: क्यूआर कोड आहे, प्रिंटर नाही, काउंटरवर स्कॅन होत नाही

ओसरी:
बूट परत पाठवायचे आहेत. घरी प्रिंटर नाही, म्हणून दुकानाने पत्त्याच्या लेबलऐवजी ईमेलवर क्यूआर कोड दिलाय. आज जाऊन आले. काउंटरवरच्या बाईंनी दोनदा स्कॅन केला आणि "हा इथे चालत नाही" म्हणून परत पाठवलं. ब्राइटनेस पूर्ण होता. शुक्रवारी मुदत संपतेय. लवकर सांगा.

कडीपत्ता:
इथे म्हणजे कुठे? देश कुठला, काउंटर कोणाचं, कोड कोणाचा? अमेरिका धरून सांगतो. सगळे कोड दिसायला सारखेच, पण एकाचा दुसरीकडे चालत नाही. यूपीएस किंवा फेडेक्स या कुरिअर कंपन्यांचा असेल तर यूपीएस स्टोअर किंवा फेडेक्स ऑफिस, यूएसपीएसचा म्हणजे सरकारी टपालाचा असेल तर पोस्ट. ईमेलमध्ये ट्रॅकिंग नंबर असेल तर बघा. 'वन-झेड'ने सुरू होत असेल तर यूपीएस, ९ ने सुरू होणारा २२ आकडी असेल तर यूएसपीएस.

रेल्वेफाटक:
कोडच्या मागे कशाला लागताय? जवळच्या पब्लिक लायब्ररीत जा, थोड्या सेंटमध्ये प्रिंट मिळते. छापताना आकार १०० टक्के ठेवा. 'फिट टू पेज' केलंत की बारकोडच्या रेघा बारीक होतात.

कडीपत्ता:
अहो, छापणार काय? त्यांच्याकडे लेबलची पीडीएफ नाही, नुसता कोड आहे. तोच छापून डब्यावर चिकटवला तर पत्ताच नसलेलं पार्सल होईल.

साखरभात:
भारतात पाठवताना लक्षात ठेवा, कस्टम्सचा फॉर्म लागतोच. प्रिंटर नसेल तर पोस्टात २९७६-आर हा फॉर्म हाताने भरून द्या, क्लार्क माहिती कॉम्प्युटरवर घालून लेबल काढतो. 'गिफ्ट' एवढंच लिहू नका, आत काय आहे ते वस्तूगणिक किमतीसह लिहा.

ओसरी:
भारतात नाही पाठवायचं! न्यू जर्सीतून इथल्याच दुकानाला. ट्रॅकिंग नंबर कुठेच नाही. ईमेलमध्ये 'लेबल ब्रोकर' लिहिलंय. गेले होते ते किराणा दुकानातलं पोस्टाचं काउंटर. कोडखाली काही अक्षरं होती, पण मी स्क्रीनशॉट कापून फक्त चौकोन ठेवला.

मृदुला:
ओसरीताई, मग दोन्ही गोष्टी सापडल्या.

लेबल ब्रोकर म्हणजे यूएसपीएसची कोडवरून लेबल छापून देण्याची सोय. त्या कोडमध्ये पत्ता नसतो, फक्त ओळखक्रमांक असतो. काउंटरवरचं यंत्र त्यावरून तुमचं लेबल शोधून छापतं. ही सोय सगळ्या ठिकाणी नाही. यूएसपीएसच्या साइटवर 'फाइंड लोकेशन्स'मध्ये लेबल ब्रोकर निवडून शोधा आणि यादीत दिसेल त्याच पोस्टात जा.

दुसरं, कापलेला फोटो वापरू नका. क्यूआरभोवती त्यातल्या चार छोट्या चौकोनांएवढी पांढरी कड लागते. ती कापली किंवा डार्क मोडमध्ये काळी झाली की स्कॅनर गोंधळतो. मूळ ईमेल उघडा. कोडखालची ८ ते १० अक्षरं म्हणजेच तो ओळखक्रमांक. कागदावर लिहून न्या, स्कॅन झालं नाही तर क्लार्क टाइप करू शकतो. फोनला बाजूने न दिसणारी प्रायव्हसी काच असेल तर फोन स्कॅनरसमोर सरळ धरा.

छपाईचे वेगळे पैसे नाहीत. डबा मात्र बंद करूनच न्यायचा.

रेल्वेफाटक:
म्हणजे माझं बरोबरच होतं. तीच अक्षरं यूएसपीएसच्या लेबल ब्रोकर पानावर टाकली की लेबल स्वतः छापता येतं. पोस्टातली रांगही नको.

कडीपत्ता:
हे आधी सांगितलं असतंत तर वाद झाला नसता. तरी मी पोस्टच सुचवेन. लायब्ररीतल्या साध्या कागदावरचं लेबल टेपने लावावं लागतं आणि चकचकीत टेप बारकोडवर आली की स्कॅनरला परावर्तन होतं. कडांनाच टेप लावायची. पोस्टातलं लेबल चिकट कागदावर येतं.

ओसरी:
यादीत २ मैलांवर एक पोस्ट दिसतंय. उद्या सकाळी जाते. बूट आले त्याच खोक्यात भरू ना? वरचं जुनं लेबल निघत नाहीये.

मृदुला:
भरा, पण जुन्या लेबलवरचे सगळे बारकोड काळ्या मार्करने पूर्ण झाका किंवा वर कोरा कागद चिकटवा. बाजूच्या पट्टीवरचा छोटा बारकोडही. वर्गीकरणाचं यंत्र समोर येईल तो बारकोड वाचतं आणि जुना वाचला तर पार्सल भलत्याच वाटेला लागतं. नवीन लेबल सर्वात मोठ्या सपाट बाजूवर, कडेवर दुमडू न देता.

आणि नुसतं काउंटरवर ठेवून येऊ नका. तिथेच स्कॅन करून पावती मागा. पार्सल शुक्रवारच्या आत दिलं याचा पुरावा तोच.

साखरभात:
पोस्टातले फुकटचे प्रायॉरिटी मेलचे डबे घेऊ नका हं. लेबल ग्राउंड अ‍ॅडव्हांटेज या यूएसपीएसच्या दुसऱ्या सेवेचं निघालं तर तो डबा चालत नाही, उलटा करूनसुद्धा नाही.

ओसरी:
बाजूला खरंच एक छोटा बारकोड होता. झाकला. ८ अक्षरं कागदावर लिहून घेतली आहेत.