मदत हवी आहे: रात्रीची दारू सकाळी उतरत नाही तेव्हा घरच्यांनी नेमकं काय करायचं?

ओसरी:
नमस्कार. मी कर्वेनगरला राहते. वरच्या मजल्यावर तीन मुलं पेइंग गेस्ट आहेत, चहा-नाश्ता आणि रात्रीचं जेवण माझ्याकडे. तिघंही हिंजवडीला नोकरीला जातात. आमच्या घरात कुणीच कधी घेत नव्हतं, त्यामुळे या विषयातलं मला काही म्हणजे काही कळत नाही.

गेल्या शनिवारी बालेवाडीला त्यांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी बढतीची पार्टी होती. तिघांतला सगळ्यात लहान, २३ वर्षांचा, नांदेडकडचा. त्याला बाकीच्या दोघांनी रात्री दोनला धरून वर नेलं. मी जागीच होते, पण त्यांना संकोच वाटेल म्हणून दार उघडलं नाही. सकाळी साडेसातला चहा घेऊन वर गेले तर हा उताणा पडलेला, उशीवर उलटी, हाका मारल्या तरी उठेना. खांदा धरून गदागदा हलवला तेव्हा डोळे किलकिले केले. मधले ते दहा-पंधरा सेकंद अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

मग दिवसभर डोकं ठणकत होतं, उजेड नको, पाणी पोटात ठरेना. दुपारी तर रडवेला झाला. "काकू, मी काल कुणाला काही वेडंवाकडं बोललो का हो?" हेच पुन्हा पुन्हा विचारत होता.

मी लिंबू सरबत दिलं, ते ओकून टाकलं. शेजारच्या वहिनींनी ताक पाठवलं. एका मुलाने रिकाम्या पोटी डोकेदुखीच्या दोन गोळ्या दिल्या. आणि तिसरा, जो तिघांत सगळ्यात शांत, भाडं एक तारखेला हातात ठेवणारा, पार्टीच्या दुसऱ्या दिवशीही आठला आंघोळ करून तयार असणारा, तो म्हणाला, "उतारा म्हणून एक बिअर घेऊ द्या त्याला, तासाभरात उठून बसेल." मी नको म्हटलं.

सकाळी अकराला धाकट्याला बाइक काढून शिवाजीनगरला मित्राला आणायला जायचं होतं. मी चावी काढून घेतली आणि देवघरात ठेवली. "उतरलीये काकू आता," म्हणून चिडला माझ्यावर. पार्टीत आधी एक स्ट्राँग बिअर आणि मग चार लार्ज पेग घेतले होते असं कळलं. रात्री नऊला सुरुवात केली होती.

रात्री मी काय करायला हवं होतं? सकाळी काय द्यायचं? चावी घेतली ते चुकलं का? त्याच्या आईवडिलांना कळवू का? "असली मुलं घरात ठेवू नका" हा सल्ला कृपा करून नको. मुलं चांगली आहेत.

रात्रपाळी:
काकू, मी अकरा वर्षं कॅज्युअल्टीत नर्स आहे. आधी रात्रीचं सांगते, कारण जीव तिथे जातो. इतकी प्यायलेल्या माणसाला उताणं झोपवायचं नाही. ठसका लागण्याची क्रियाच मंदावलेली असते, उलटी श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे घ्या, पाठीला लोड लावा, आणि खोलीत एकाने जागं राहायचं. झोपला म्हणजे आता बरा आहे, असं समजू नका. पोटात उरलेली दारू झोपेतही रक्तात चढत राहते.

हलवूनही उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर, अंग गार, झटके, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन. कॉफी पाजणं, गार पाण्याखाली धरणं, बोटं घालून उलटी काढणं, यातलं काहीही नको.

सकाळचं सरबत चुकलं नाही, एकदम पेलाभर दिलंत तेवढंच. अशा पोटात दोन-दोन चमचेच ठरतात, पाच-पाच मिनिटांनी. दारूमुळे लघवी रोखून धरणारं संप्रेरक दबतं, म्हणून रात्रभर पाणी जातं. ओआरएस नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी थांबली की पेज, मऊ भात, केळं, तुमच्या वहिनींचं ताकसुद्धा. रक्तातली साखर उतरलेली असू शकते, म्हणून काहीतरी पोटात जाणं महत्त्वाचं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा कुणी असेल तर हे फार जपा.

त्या गोळ्यांबद्दल मात्र मला राग आला. पॅरासिटामॉलचा भार यकृतावर, आणि यकृत तर आधीच रात्रभर राबलेलं. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन चिडलेल्या जठराला आणखी जाळतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ देऊ नका. आणि त्याचं रडवेलं होणं खोटं नव्हतं हो. दारू मेंदूला दाबून शांत करते, ती उतरताना मेंदू उलट्या बाजूला झोका घेतो. धडधड, भीती, अपराधीपणा. त्या वेळी तुम्ही त्याला बोलला नाहीत ना? बरं केलंत.

वेताळटेकडी:
चावीचा हिशेब मांडतो. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची बिअर म्हणजे साधारण ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. चार लार्ज म्हणजे प्रत्येकी ६० प्रमाणे २४० मिलिलिटर, ४२.८ टक्के अल्कोहोल धरलं तर ८१ ग्रॅम. एकूण १२२. यकृत तासाला साधारण ७-८ ग्रॅम निकालात काढतं, आणि हा वेग कॉफीने, लिंबाने, आंघोळीने वाढत नाही. नऊ ते अकरा असे चौदा तास धरले तरी १५-२० ग्रॅम शिल्लक. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. तुमचा मुलगा अकरालाही तिच्या वर असण्याची दाट शक्यता होती. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याहून मोठं म्हणजे, अल्कोहोल पूर्ण गेल्यावरही हँगओव्हरमध्ये लक्ष आणि हातपाय संथच असतात. त्यामुळे चावी घेतलीत ते शंभर टक्के बरोबर.

अनुपान:
हा त्रास आपल्याकडे फार पूर्वी नोंदलेला आहे. चरकसंहितेत मदात्ययावर, म्हणजे अति मद्यपानाने होणाऱ्या विकारावर, स्वतंत्र अध्याय आहे, सुश्रुताने याच विकाराचे पानात्ययासोबत परमद, पानाजीर्ण, पानविभ्रम असे प्रकार केले. खजूर, मनुका, डाळिंब, आवळा यांचा मंथ, म्हणजे पाण्यात घुसळून केलेलं गार पेय, सांगितला जातो. घरात हे असतंच, उलटी थांबल्यावर थोडं थोडं द्यायला हरकत नाही. बेशुद्धीकडे झुकलेल्या माणसाला मात्र तोंडाने काहीही नको.

आजचा दिवस:
काकू, मी सहा वर्षं प्यायलेलो नाही, त्याआधी चौदा वर्षं रोज प्यायचो. तुमच्या धाकट्याबद्दल मला तितकी काळजी वाटत नाही. त्याला दारूचं नाव काढलं तरी मळमळत असेल, आणि हे २४ तासांत आपोआप ओसरतं. तो साधा हँगओव्हर. आईवडिलांना तुम्ही नका कळवू, त्यालाच सांगू दे.

मला टोचलं ते 'उतारा'. उताऱ्याने बरं वाटतं, यात खोटं नाही. पण नवी दारू आत गेली की शरीर आधी तिच्या मागे लागतं, जुना हिशेब फक्त पुढे ढकलला जातो. आणि हा इलाज इतक्या खात्रीने तोच सांगतो ज्याने तो स्वतः करून पाहिला आहे. मी आठला आंघोळ करून तयार असायचो कारण सहाला रात्रीच्या क्वार्टरमधली, म्हणजे छोट्या बाटलीतली, उरलेली दारू पोटात गेलेली असायची. त्या शांत मुलाचे सकाळी हात थरथरतात का? घाम येतो का? आणि मग तासाभरात एकदम ठीक होतो का? असं असेल तर तो हँगओव्हर नाही, शरीर दारू मागतं आहे.

ओसरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. १०८ आणि कुशीवर झोपवायचं चित्र मुलांच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं. धाकट्याने स्वतः घरी फोन केला.

आजचा दिवस, तुमचं लिहिलेलं वाचून मी बराच वेळ तशीच बसले. तो मुलगा सकाळचा चहा बशीत ओतून, बशी दोन्ही हातांनी धरून पितो. दीड वर्ष बघते आहे. मला वाटायचं गावाकडची सवय. कप उचलताना बशीवर खडखडतो, तेही रोज ऐकते मी. खोली आवरताना बाटली कधी दिसली नाही, पण माझ्याकडून पाण्याच्या दोन स्टीलच्या बाटल्या मागून घेतल्या होत्या त्याने.

त्याच्याशी कसं बोलू? दारू बंद कर म्हणू का?

आजचा दिवस:
"आजपासून बंद" हे मात्र म्हणू नका. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीतच व्हायला हवं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, घरच्यांनी फोन केला तरी चालतो. बोलताना सकाळ निवडू नका, हात थरथरत असताना माणूस फक्त पळतो. संध्याकाळी, बाकीचे दोघं नसताना. दारूबद्दल बोलूच नका आधी. बशीबद्दल विचारा.

ओसरी:
गुरुवारी बाकीचे दोघं उशिरा येतात. त्या दिवशी त्याला आवडतात म्हणून थालीपीठं करते आहे. तुम्ही त्या वेळी इथे असाल का? नऊच्या सुमारास?

आजचा दिवस:
असेन.