हौजीतली ‘शेवटची ओळ’ म्हणजे नक्की कुठली?

राजारामपुरी : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साठेक बायकांची हौजी ठेवलीय. बक्षिसांची नावं मराठीत हवीत. पहिले पाच, चार कोपरे, पहिली-मधली-शेवटची ओळ, घर भरलं. चालतील? आणि हौजी, तांबोला, बिंगो हे एकच का?

गंगावेस : हौजी नि तांबोला एकच. १ ते ९० आकडे एकेक करून पुकारायचे, आपल्या तिकिटावरचा आला की खोडायचा. तिकिटावर तीन ओळी, नऊ रकाने (पहिल्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत नवव्यात ८० ते ९०), प्रत्येक ओळीत पाच आकडे, म्हणजे १५ भरलेली घरं आणि १२ रिकामी. भिशीत सगळ्या हौजीच म्हणतात. अमेरिकी बिंगो निराळा : पाच बाय पाचचा पत्ता, ७५ आकडे, मधलं घर फुकट. बिंगोचे पत्ते आणि हौजीच्या सोंगट्या अशी मिसळ झाली तर ७६ ते ९० कुणाच्याच पत्त्यावर नसतात. पुकारणारी पुकारत राहते, खाली सगळ्या गप्प.

उत्तरेश्वर : ताई, तुमच्या नावांवर भांडण ठरलेलं हाय. ‘पहिले पाच’ म्हटलं की निम्म्या जणी वरच्या ओळीतले पाच धरतात. ‘कुठलेही पाच’ म्हणा, नाहीतर सरळ ‘जल्दी पाच’. तो शब्द सगळ्यांच्या कानावरचा आहे. ‘शेवटची ओळ’ म्हणजे खालची, की सगळ्यात शेवटी पूर्ण होणारी? म्हणून वरची, मधली, खालची. ‘घर भरलं’ तर नकोच, कारण तिकिटावरच्या चौकोनालाही आपण घरच म्हणतो. ‘पूर्ण तिकीट’ म्हणा किंवा ‘फुल हाऊस’ राहू दे.

कोपऱ्यांचं जरा नीट सांगतो. तिकिटाच्या कोपऱ्यातलं घर बऱ्याचदा रिकामंच असतं. समजा वरच्या ओळीत १४, ३२, ४७, ६०, ७८ आहेत. पहिला रकाना रिकामा, नववाही रिकामा. तरी त्या ओळीचे कोपरे १४ आणि ७८. वरच्या नि खालच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा आकडा, एवढीच व्याख्या. खेळ सुरू व्हायच्या आधी एक तिकीट वर धरून बोटानं दाखवा.

मास्तरीण : नावांपेक्षा आकड्यांचे उच्चार जास्त घात करतात. ‘एकोणसाठ’ ऐकलं की कानात ‘साठ’ राहतं आणि नजर साठीच्या रकान्यात जाते. ५९ असतो त्याच्या आधीच्या रकान्यात. एकोणतीसपासून एकोणऐंशीपर्यंत सगळ्यांचं हेच. एकोणनव्वद तेवढा सुटतो, कारण ८० ते ९० एकाच रकान्यात असतात. शिवाय मराठीत एकक आधी येतो : त्रेपन्न, पण लिहिताना आधी पाच. म्हणून ‘पाच-तीन, त्रेपन्न’ असं दोन्ही पुकारायचं, अंक आधी. रकाना दशकावर ठरतो, त्यामुळे नजर आधीच जागेवर पोचते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ आलं तेव्हा केवढा वाद झाला! हौजी पुकारताना मात्र ती पद्धत खरंच उपयोगी आहे.

राजारामपुरी : मास्तरीणबाई, वर्गात घ्यायची तर?

मास्तरीण : वर्गात बिंगोच म्हणतात, आकडेही लागत नाहीत. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे १२ तालुके फळ्यावर लिहायचे, मुलांनी नऊ निवडून तीन बाय तीनच्या चौकटीत भरायचे. पुकारताना तालुक्याचं नाव घ्यायचं नाही, खूण सांगायची : गारगोटी म्हटलं की भुदरगड, नृसिंहवाडी म्हटलं की शिरोळ, विशाळगड म्हटलं की शाहूवाडी. प्रत्येकाने खरोखर वेगवेगळे नऊ निवडले, तर ४० मुलांच्या वर्गात दहाव्या खुणेला एक-दोन पत्ते भरतात, अकराव्या खुणेपर्यंत पाव वर्ग. पण मुलं शेजाऱ्याचं बघून तेच तीन गाळतात आणि एकदम दहा हात वर येतात. गाळायचे तीन चिठ्ठी काढून ठरवा. खुणेला पेन नको, चिंचोके द्या. तोच पत्ता परत चालतो.

गंगावेस : बायकांच्या खेळात मात्र पेनच. आकड्यावर एकच तिरपी रेघ मारायला सांगा. गिचमिड केली की तपासताना आकडा वाचता येत नाही. साठ तिकिटांत जल्दी पाच दहा-बारा आकड्यांतच जातं, पहिलं पूर्ण तिकीट सत्तरीच्या आसपास. आकड्याला दहा सेकंद धरले तर बारा मिनिटं, तपासणी धरून वीस. वाणाच्या आधी बसवा.

राजारामपुरी : आणि चुकीचा क्लेम?

उत्तरेश्वर : ‘बोगी’. ते तिकीट बाद. पुढचा आकडा पुकारल्यावर केलेला क्लेमही धरायचा नाही, आणि एकाच आकड्यावर दोघी ओरडल्या तर बक्षीस निम्मं-निम्मं. म्हणून बक्षिसांना डबे ठेवू नका ओ, वाटता येईल असं काहीतरी ठेवा.