दाढ भरल्यावर येणारी सणक: तुमची कशाने गेली?

मागच्या महिन्यात खालची उजवी दाढ भरून घेतली. कीड खोल होती. भूल उतरल्यावर त्याच संध्याकाळी माठातल्या पाण्याचा घोट घेतला आणि कानशिलापर्यंत सणक गेली. दोन-तीन सेकंदच, पण डोळ्यांत पाणी आलं. आता चौथा आठवडा आहे. गारव्याचा त्रास बराच उतरलाय, पण चावताना मात्र अजून टोचतं. ज्यांनी हे सोसलंय त्यांनी सविस्तर लिहा, बारीकसारीक गोष्टीही चालतील.

~

चावताना टोचतं म्हणालात म्हणून आधी लिहिते. मला भाकरीचा तुकडा त्या बाजूनं चावता येत नव्हता. दहा दिवस गप्प बसले, ते बसायला नको होतं. डॉक्टरांनी निळा कागद दातांत धरून चावायला लावलं, तर भरलेल्या जागी एकच गडद ठिपका उमटला. भराव केसभर उंच राहिला होता आणि चावण्याचा सगळा भार त्यावरच येत होता. जबडा बधिर असताना दात नीट मिटतायत का, हे आपल्याला सांगताच येत नाही. दोन मिनिटं घासून दिलं, तिसऱ्या दिवशी भाकरी सुरू.

~

माझं फक्त गारव्याचं होतं. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट सांगितली होती. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडून दिली, तीच चूक. दुसऱ्यांदा नेमानं दोन्ही वेळा वापरली तेव्हा तिसऱ्या आठवड्यात ताक पिता आलं. रात्री दात घासल्यावर नुसतं थुंकायचो, खळखळून चूळ भरत नव्हतो. पेस्ट दातावर राहिली पाहिजे.

~

मी दंतवैद्य आहे, आणि माझ्याही दोन दाढा भरलेल्या आहेत. दाताच्या आतल्या थरात, म्हणजे डेंटिनमध्ये, अतिशय बारीक नळ्या असतात. गार लागलं की त्यांतला द्रव हलतो आणि नसेला कळ जाते. पांढरा कॉम्पोझिट भराव निळ्या प्रकाशानं कडक होताना थोडा आकसतोही. त्यामुळे खोल भरावानंतर दोन-चार आठवडे शिवशिवणं नवल नाही. मात्र ते दिवसेंदिवस उतरत गेलं पाहिजे. वाढत असेल तर चार आठवड्यांची वाट पाहू नका.

~

माझं वाढतच गेलं. चहाचा कप खाली ठेवला तरी ठणका अर्धा तास राहायचा, रात्री आडवं झालं की जास्त. लवंगेचं तेल, मिठाच्या गुळण्या, सगळं केलं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. अखेर नस सुजल्याचं निघालं आणि रूट कॅनाल करावं लागलं. आठवडाभर आधी गेले असते तर निदान त्या रात्री वाचल्या असत्या.

~

आईची चांदी भरलेली दाढ पहिले काही दिवस गरम आमटीनं झणझणायची. धातूच तो, उष्णता लगेच आत पोचते. ती दुसऱ्या बाजूनं जेवायची, हळूहळू थांबलं.

~

माझी सणक भरलेल्या दाढेची नव्हतीच! शेजारच्या दाताची हिरडी मागे सरकून मूळ उघडं पडलं होतं. लहानपणापासून मिश्री, पुढे कडक ब्रशनं जोर लावून घासणं. डॉक्टरांनी एकेका दातावर हवा मारून पाहिली तेव्हा नेमका दात सापडला. आता मऊ ब्रश, हलका हात. कोकम सरबत किंवा लिंबूपाणी प्यायल्यावर लगेच दात घासत नाही, आधी साध्या पाण्यानं चूळ भरते आणि अर्धा-पाऊण तास जाऊ देते. घरात कोणी मिश्री लावत असेल तर कृपा करून सोडवा. त्यात तंबाखू असते, दाताच्या सणकेपेक्षा ते फार मोठं दुखणं आहे.

~

सगळ्यांचे मनापासून आभार. निळ्या कागदाचं वाचून सकाळीच फोन केला. उद्या साडेअकराची वेळ मिळाली आहे. घासून झाल्यावर भाकरी चावून पाहीन आणि इथे लिहीन.