टेक्निकल मॅनेजर श्रीमंत अकादमीत चाललेत, नोटीस एकाच महिन्याची. काय अडवता येतं?

कॅम्प_रिझर्व्ह
बेळगावातला फुटबॉल क्लब आहे, सोसायटी म्हणून नोंदलेला. 13, 15 आणि 17 वर्षांखालच्या टीम, शिवाय एक सिनियर. टेक्निकल मॅनेजर पगारी आहेत. मुलांची निवड, कोच नेमणं, फेडरेशनच्या सीआरएसवर (खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीची यंत्रणा) नोंदणी, स्पॉन्सरशी बोलणी, सगळं त्यांच्याच हातात. आता राज्याच्या सीमेपलीकडच्या एका अकादमीनं त्यांना घेतलंय. पैशाच्या बाबतीत त्यांच्याशी आमची बरोबरीच नाही.

नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस आहे आणि "सोडल्यावर दोन वर्षं कुठल्याही प्रतिस्पर्धी क्लबात काम करणार नाही" अशी एक ओळ. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो कोर्टात जाऊ. दुसरा म्हणतो, इंग्लंडात न्यूकॅसल क्लबनं आपला माणूस सोडायला मँचेस्टर युनायटेडकडं मागितले तसे पैसे मागू. यातलं काय होण्यासारखं आहे? आणि महिन्याभरात कायकाय ताब्यात घ्यायचं?

धारवाड_बेंच
दोन वर्षांच्या त्या ओळीवर भिस्त ठेवू नका. भारतीय करार कायदा 1872, कलम 27: माणसाला त्याचा धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरी चालू असताना "दुसरीकडं काम करू नको" ही अट टिकते, सुप्रीम कोर्टानं 1967 च्या सेंच्युरी स्पिनिंग प्रकरणात ती मान्य केली. नोकरी संपल्यानंतरची टिकत नाही. खेळातलंच उदाहरण हवं तर झहीर खानचं. करार संपल्यावरही आपल्याला पहिली संधी मिळावी असा एका व्यवस्थापन कंपनीचा दावा होता, तो 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं याच कलमावर नाकारला. तेव्हा कोर्टात जाऊन वकिलाची फी तेवढी खर्च होईल.

न्यूकॅसलचं वेगळं होतं. तिथले स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे फुटबॉलचं सगळं बघणारे, डॅन अ‍ॅशवर्थनी फेब्रुवारी 2024 मध्ये जायचंय म्हणून सांगितलं तेव्हा त्यांचा करार बराच शिल्लक होता. क्लबनं त्यांना कामावरून बाजूला ठेवलं, पगार चालू ठेवला. युनायटेडला ते लवकर हवे होते, म्हणून पैशाची बोलणी झाली. बातम्यांत दोन कोटी पौंडांची मागणी आली होती. ठरलेला आकडा जाहीर झाला नाही, आणि 1 जुलैला ते रुजू झाले. खेळाडूसारखं इथं रजिस्ट्रेशन नसतं, ट्रान्सफर विंडो (क्लब बदलायचा ठरावीक काळ) नसते. समोरचा क्लब पैसे मोजतो ते फक्त करारातल्या उरलेल्या वेळेचे. तुमच्याकडं उरलाय एक महिना. त्यांना त्याआधी जायचं असेल तर महिन्याचा पगार भरून घ्या. त्यापलीकडं मागायला आधार नाही.

एक गोष्ट मात्र तपासा. क्लबनं त्यांच्या कोचिंग लायसन्सची फी भरली होती काय? भरली असेल आणि "इतकी वर्षं राहीन, नाहीतर परत देईन" असा बाँड असेल तर तो मागता येतो. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट सुप्रीम कोर्टानं मे 2025 मध्ये वैध ठरवली. पण आकडा खर्चाशी जुळला पाहिजे. कलम 74 प्रमाणे करारातली रक्कम ही वरची मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. कोर्स फी, प्रवास, राहण्याच्या पावत्या काढून ठेवा. पावती नसलेला खर्च धरूच नका.

पुढच्या नेमणुकीत नोटीस तीन महिन्यांची करा, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी. क्लबनं काढलं तर एक महिना आणि त्यांनी सोडलं तर सहा, असलं कलम कुणी शहाणा माणूस सही करत नाही.

निपाणी_लेफ्टबॅक
कायद्याचं वर आलंच आहे. पण नोटीस काळात घरी बसवायची इंग्लिश पद्धत तुम्ही उचलू नका. न्यूकॅसलला ती परवडते, कारण तिथं कामाला डझनभर माणसं असतात आणि उन्हाळ्यात कुणाला घ्यायचं हे गुपित कोट्यवधींचं असतं. तुमच्याकडं गुपित काय? आठ-दहा मुलांची नावं, आणि ती गावातल्या प्रत्येक कोचला माहीत आहेत. घरी बसवलंत तर पगारही जाईल आणि माहितीही त्यांच्यासोबतच जाईल. उलट महिनाभर रोज मैदानावर बोलवा आणि शेजारी दुसरा माणूस उभा करा.

इंग्लंडातल्याच ब्राइटन क्लबाकडं बघा. हेच अ‍ॅशवर्थ 2022 मध्ये ब्राइटन सोडून न्यूकॅसलला गेले होते, तिथं सौदी पैसा आल्यावर. त्यांची जागा क्लबातच असलेल्या डेव्हिड वीअरनी घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात कोच ग्रॅहम पॉटर चेल्सीनं नेला, पाठोपाठ खेळाडू हेरणारे पॉल विन्स्टॅन्लीही तिकडंच गेले. एवढं होऊन 2022-23 ला ब्राइटन लीगमध्ये सहावा आला आणि पहिल्यांदा युरोपातल्या स्पर्धेत पोचला. खेळाडू निवडायची पद्धत, आकडे, याद्या सगळं क्लबाकडं होतं, एका माणसाच्या फोनात नव्हतं. आणि अ‍ॅशवर्थ? डिसेंबर 2024 मध्ये, पाच महिन्यांत युनायटेडमधून बाहेर. श्रीमंत क्लबात गेलं म्हणजे जम बसतोच असं नाही. तेव्हा भांडून दार लावून घेऊ नका.

कॅम्प_रिझर्व्ह
दुसरा माणूस आहे, 15 खालच्या टीमचे कोच. कागदाचा अनुभव शून्य. महिन्यात त्यांना काय दाखवून घ्यायचं?

सीआरएस_वाला
सुरुवात लॉगिनपासून. सीआरएसच्या खात्याला ईमेल आणि मोबाइल कुणाचा जोडलाय ते आजच बघा. बहुतेक क्लबांत मॅनेजरचा खाजगी असतो, आणि सिम बदललं की पासवर्ड परत मिळवणंही अडतं. क्लबच्या नावानं वेगळा ईमेल काढा, पासवर्ड सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांकडं ठेवा, आणि बदलासाठी जिल्हा-राज्य संघटनेला लेटरहेडवर पत्र द्या. हे ते कामावर असतानाच करायचं.

मग मुलांच्या फायली. जन्मदाखला, आधार, फोटो, पालकांचं संमतीपत्र. मूळ दाखले क्लबकडं पडून असतील तर पालकांना सही घेऊन परत करा, स्कॅन ठेवा. आपल्याकडची नेहमीची भानगड नावाची: जन्मदाखला कन्नडात, शाळेचा दाखला मराठीत, आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. कुठल्या मुलाचं कुठं जुळत नाही हे मॅनेजरना तोंडपाठ असतं, कागदावर कुठंच नसतं. त्यांना समोर बसवून प्रत्येक नावापुढं लिहून घ्या. स्पर्धेच्या आदल्या दिवशी हे कळलं तर मुलगा बाहेर बसतो.

बँकेत सही त्यांची असेल तर कमिटीचा ठराव, नव्या माणसाची केवायसी आणि नमुना सही लागते. ठरावात "अमुक तारखेपासून जुनी सही रद्द" हे स्पष्ट लिहा, नुसतं नवं नाव घालून भागत नाही. ते कमिटी सदस्यही असतील तर रजिस्ट्रारकडं द्यायच्या वार्षिक यादीत बदल दाखवा. मैदानाच्या बुकिंगची डिपॉझिट पावती कुणाच्या नावावर आहे? पावतीवर त्यांचं नाव असेल तर परतावा त्यांनाच मिळणार. गूगल ड्राइव्हवरच्या फायलींची मालकी त्यांनी पाठवावी लागते आणि तुम्ही स्वीकारावी लागते, नुसतं शेअर करणं पुरत नाही. मालकानं फाइल कायमची उडवली की शेअर केलेल्यांचीही जाते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला आत्ताच दुसरा अ‍ॅडमिन करा. एकटा अ‍ॅडमिन बाहेर पडला की अ‍ॅप कुणालाही अ‍ॅडमिन करून टाकतं.

सामान मोजायला अर्धा दिवस पुरतो. चार नंबरचे आणि पाच नंबरचे बॉल वेगळे मोजा, एवढंच.

खानापूर_विंग
कमिटी ज्याचं नावही घेत नाहीये ते मी विचारतो: मुलं. मॅनेजर एकटा जात नसतो, मागून 15 खालचे चार-पाच जण जातात. पालकांना अडवता येत नाही आणि अडवूही नये. पण मुलगा महाराष्ट्रात किंवा गोव्यात खेळणार म्हणजे राज्य संघटना बदलते, केएसएफएकडून (कर्नाटकची फुटबॉल संघटना) विफा (महाराष्ट्राची) किंवा गोवा असोसिएशनकडं. ते सीआरएसवर रीतसर ट्रान्सफर होऊनच झालं पाहिजे. नवी अकादमी मुलाला "पहिल्यांदाच नोंदतोय" म्हणून दाखवत असेल तर हरकत घ्या.

कारण पैसा तिथं आहे. फिफाच्या नियमानं करार चालू असलेला खेळाडू पुढं परदेशी क्लबला विकला गेला तर रकमेच्या 5 टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटतात. 12 ते 15 या वयाच्या प्रत्येक वर्षाला 0.25 टक्के, 16 ते 23 च्या प्रत्येक वर्षाला 0.5. म्हणजे 12 ते 15 अशी चार वर्षं तुमच्याकडं नोंदलेल्या मुलाचा एक कोटीचा व्यवहार झाला तर तुमचे एक लाख. नोंदणी नसेल तर काही नाही, कारण वाटप खेळाडूच्या पासपोर्टवरून (कुठल्या वयात कुठल्या क्लबात होता याचा तक्ता) होतं आणि तो नोंदणीवरून बनतो. मुलं क्लबात 12 व्या वर्षी येतात आणि नाव 15 व्या वर्षी, स्पर्धा आली की चढतं, हीच गळती. मॅनेजर जायच्या आत सगळ्यांची नोंद कोणत्या तारखेपासून आहे ते काढून घ्या.

आणि पालकांना तुम्ही स्वतः सांगा, ठराव झाल्याच्या संध्याकाळीच. बैठकीला मॅनेजरही असू देत. नवीन सर कोण, सराव कुठल्या वारी, फी तीच की बदलणार, एवढं सांगितलं तरी निम्मी कुजबुज थांबते. ग्रुपवर नुसता मेसेज टाकलात तर रात्री दहापर्यंत पन्नास फोन येतील.

धारवाड_बेंच
दोन क्लबांच्या अध्यक्षांनी एकमेकांशी बोलणं राहिलंच. वकिलाची नोटीस वगैरे धाडण्याआधी फोन करा. चालू सीझन संपेपर्यंत तुमच्या नोंदलेल्या मुलांशी थेट संपर्क नको, मॅनेजर आठवड्यातून एक दिवस फोनवर मोकळे राहतील, एवढं मागा. मान्य झालं तर ईमेलवर घ्या. कोर्टात कितपत टिकेल ते सोडा, पण लेखी दिलेला शब्द मोडायला त्यांनाही जड जातं.