इंग्लिश कादंबरीकार मेरी स्टुअर्ट आवडणाऱ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

परवा माळा आवरताना 'नाइन कोचेस वेटिंग' (१९५८) हाती लागलं आणि आवराआवर तशीच राहिली. नऊ वर्षांचा पोरका फिलिप, फ्रान्सच्या डोंगरातला त्याचा वाडा आणि त्याला सांभाळायला आलेली लिंडा. इंग्लिशच बाई हवी होती, म्हणून तिने आपल्याला फ्रेंच येतं हे लपवलेलं. समोर बोललेलं सगळं कळतंय आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही! मी लग्न होऊन कानडी घरात गेले तेव्हा मला कानडी समजायचं, पण बोलायचा धीर नव्हता. जेवणं वाढताना माझ्याविषयीचं बोलणं कानावर पडायचं आणि मी आमटीच्या वाटीकडे बघत राहायचे. लिंडा तेव्हा मला फार जवळची वाटली. फिलिपला झोपेतून उठवून ती रात्री वाड्याबाहेर काढते, तिथून पुढे पुस्तक खाली ठेवता येत नाही.

तुम्हाला ही लेखिका कुठे भेटली? सविस्तर लिहा.

* * *

मी मर्लिनवाला, म्हणजे आर्थर राजाच्या दंतकथांमधला तो जादूगार. 'द क्रिस्टल केव्ह' (१९७०) फोर्टच्या फुटपाथवर घेतलं, मुखपृष्ठ नव्हतंच. जादूगाराची गोष्ट असेल म्हणून उघडलं, तर मर्लिन स्वतःच आपलं लहानपण सांगतोय: बाप कोण ते माहीत नाही, आजोळी सगळ्यांच्या नजरा चुकवत वाढलेला, डोंगरातल्या गुहेत एका म्हाताऱ्याकडून शिकलेला.

माझी नोकरी कारखान्यात मशिनरी बसवण्याची. वीस टनांचं धूड खलाशी लोक पहारी, कप्पी आणि पाइपांचे रूळ यांवर तसूतसूने सरकवतात, ते मी तीस वर्षं पाहिलंय. मर्लिन आयर्लंडहून एक प्रचंड शिळा आणतो तेव्हा लोकांना जादू वाटते. पुस्तकात मात्र तो हिशेब मांडतो, दोर आणि माणसं लावतो. हा माणूस आमच्यातला आहे, असं मला तिथेच वाटलं. त्याला भविष्य दिसतं तेही लेखिकेने सोपं केलेलं नाही. दर्शन येऊन गेलं की तो अगदी गळून जातो.

* * *

माझं आवडतं 'माय ब्रदर मायकेल'. अथेन्सच्या कॅफेत बसून कॅमिला मैत्रिणीला लिहितेय की माझ्या आयुष्यात कधी काही घडतच नाही, आणि एक अनोळखी माणूस डेल्फीला न्यायच्या गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवून जातो. दहावीच्या सुट्टीत वाचलं. डेल्फी नकाशात शोधून पेन्सिलीने गोल केला होता.

* * *

'द विकेड डे'बद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? १९८३ चं पुस्तक. आर्थरच्या कथांमध्ये मॉर्ड्रेड म्हणजे बापावर उलटलेला दुष्ट. इथे तो आधी ऑर्कनी बेटावर कोळ्याच्या घरी वाढणारा मुलगा आहे, आपण राजाचे आहोत हे त्याला ठाऊकच नाही. सूताघरी वाढलेला कर्ण ज्याने मनात धरलाय, त्याला हे पुस्तक सुखाने वाचता येणार नाही. 'द क्रिस्टल केव्ह' आणि त्यापुढची दोन, अशा मर्लिनच्या तिन्ही पुस्तकांवर माझं प्रेम आहे, तरी मी याला वर ठेवते. शेवटची लढाई टळायची वेळ अगदी जवळ आलेली असते, बापलेक दोघांनाही ती नको असते. शेवट माहीत असूनही दर वेळी वाटतं, आज टळेल.

* * *

'द विकेड डे' मी वाचलेलंच नाही! तुमच्याकडे प्रत असेल तर महिनाभरासाठी द्याल का? कव्हर घालून परत करीन.